रिंगच्या कडेला कोण उभं होतं?

आमच्या कामात पाळीपाळीनं एकेक आठवडा ऑन-कॉल असावं लागतं. रात्री अडीच वाजता कुठलातरी सर्व्हर आडवा झाला की फोन वाजतो, आणि ज्याची पाळी असेल त्यानं उठून लॅपटॉप उघडायचा. अशाच एका रात्री दोनदा फोन वाजून गेल्यावर झोप उडाली ती उडालीच. मग यूट्यूबवर समोर येईल ते बघत बसलो. समोर आली २१ मे १९८९ची, लंडनमधल्या फिन्सबरी पार्कात उभारलेल्या एका भल्यामोठ्या तंबूतली बॉक्सिंगची लढत. नायजेल बेन विरुद्ध मायकेल वॉटसन.

बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही. कॉलेजात या खेळाशी थोडा संबंध आला होता, तो खेळाडू म्हणून नव्हे. त्याबद्दल पुढे सांगेन. पण ही लढत कळायला फार कळावं लागत नाही. बेन तोवर २२ लढती लढला होता आणि बावीसच्या बावीस समोरच्याला लोळवून जिंकला होता. घंटा वाजल्याबरोबर तो वॉटसनवर तुटून पडतो. वॉटसन काय करतो? काहीच नाही, असं आधी वाटतं. दोन्ही मुठी डोक्याशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी खाली. दार लावून घेतलेल्या घरावर कुणीतरी धडका माराव्यात तसं दृश्य आहे. बेनचे बहुतेक ठोसे हातांवर आणि खांद्यांवर पडतात. मधूनच दार किलकिलं होतं, आतून दोन सरळ ठोसे येतात आणि दार पुन्हा बंद. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत बेनचे हात जड झालेले दिसतात. सहाव्या फेरीत वॉटसनच्या एका साध्या डाव्या जॅबनं बेन खाली बसतो आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठत नाही. जॅब म्हणजे अंतर राखायला मारायचा ठोसा. त्या ठोशानं कुणी सहसा झोपत नाही. पण तोवर बेनमध्ये उरलंच काय होतं?

मी ती लढत त्या रात्री दोनदा बघितली. समोरच्याचं सगळं बळ त्यालाच खर्च करायला लावायचं, आणि आपण घाबरलेलो नाही हे सिद्ध करायच्या मोहात अजिबात पडायचं नाही. चोवीस वर्षांच्या मुलाकडे हा संयम कुठून आला असेल, असं वाटत राहिलं.

मग यूट्यूबनं त्याच माणसाची पुढची लढत दाखवली.

मायकेल वॉटसन १९६५ साली लंडनमध्ये जन्मला. एकूण ३० व्यावसायिक लढती, त्यातल्या २५ जिंकलेल्या. बेनला हरवल्यावर एप्रिल १९९०मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो माइक मॅकॅलम या खऱ्या अर्थानं थोर मुष्टियोद्ध्याशी विश्वविजेतेपदासाठी लढला आणि अकराव्या फेरीत हरला. पुढच्या वर्षी, २२ जून १९९१ला, ख्रिस युबँकशी लढत झाली. युबँक म्हणजे एका डोळ्यावर काच लावून, घोडेस्वाराची विजार घालून मिरवणारा, रिंगमध्ये दोरांवरून उडी मारून येणारा, लोकांना खुशाल स्वतःचा राग येऊ देणारा माणूस. निकाल युबँकच्या बाजूनं लागला. तीनपैकी एका पंचाला लढत बरोबरीत वाटली होती, आणि वॉटसनच जिंकला असं समजणारे प्रेक्षक तर पुष्कळ होते. म्हणून तीन महिन्यांनी, २१ सप्टेंबर १९९१ला, टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉल मैदानावर दोघं पुन्हा समोरासमोर आले.

या लढतीत वॉटसन पहिल्यापासून पुढे जात राहतो. फिन्सबरी पार्कातला बंद दारामागचा माणूस इथे नाही. इथे तोच दार ठोठावतोय. अकराव्या फेरीत त्याच्या उजव्या ठोशानं युबँक गुडघ्यावर येतो. सगळं मैदान उभं राहतं. युबँक उठतो आणि काही क्षणांतच एक अपरकट मारतो. वॉटसन मागे कोसळतो, त्याच्या डोक्याचा मागचा भाग दोरावर आदळतो. घंटा होते. तो कसाबसा उठून आपल्या कोपऱ्यात जातो. बाराव्या फेरीला तो उभा राहतो खरा, पण त्याचे हात वर येत नाहीत. पंच रॉय फ्रान्सिस अर्ध्या मिनिटाच्या आत लढत थांबवतात.

यापुढचा भाग व्हिडिओत नीट दिसत नाही. तो मी नंतर न्यायालयाच्या निकालपत्रात वाचला, आणि खरं तर हा लेख त्या निकालपत्रामुळेच लिहितोय.

वॉटसन कोपऱ्यातल्या स्टुलावर बेशुद्ध झाला. रिंगमध्ये आणि बाहेर गोंधळ उडालेला होता. स्पर्धेसाठी नेमलेले डॉक्टर मैदानात होते, पण त्यांच्यापैकी एक जण त्याच्यापर्यंत पोचून त्याला तपासेस्तोवर सात मिनिटं गेली. रुग्णवाहिकाही होती. त्यातून त्याला नॉर्थ मिडलसेक्स रुग्णालयात नेलं. लढत थांबल्यापासून तिथे पोचेपर्यंत जवळपास अर्धा तास. तिथे त्याच्या घशात नळी घातली, प्राणवायू दिला, मेंदूची सूज उतरवण्यासाठी मॅनिटॉल टोचलं. पण त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. म्हणून पुन्हा रुग्णवाहिका, पुन्हा रस्ता, आणि सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय. तिथे पीटर हॅम्लिन या शल्यविशारदानं त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर आणखी केल्या. वॉटसन चाळीस दिवस कोमात होता. जागा झाला तेव्हा शरीराची डावी बाजू गेलेली होती. बोलायला, गिळायला, बसायला पुन्हा शिकण्यात पुढची वर्षं गेली, आणि सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत.

डोक्याला झटका बसून मेंदू कवटीच्या आत गरकन फिरतो, तेव्हा मेंदूचा पृष्ठभाग आणि त्याच्यावरचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा तुटतात. रक्त साचत जातं. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. ठोशानं जे नुकसान व्हायचं ते झालेलं असतं. पण त्यानंतर दाबामुळे आणि प्राणवायू न मिळाल्यामुळे होणारं नुकसान मिनिटामिनिटानं वाढत जातं. म्हणजे इथे इजा दोन आहेत. एक ठोशाची आणि दुसरी उशिराची. पहिली युबँकनं केली. दुसरी कुणी केली?

हा प्रश्न वाचताना मला घाम फुटला, कारण त्याचं उत्तर माझ्या ओळखीचं होतं.

आठ वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या कॉलेजच्या क्रीडा महोत्सवाचा विद्यार्थी समन्वयक होतो. त्या वर्षी आसपासच्या कॉलेजांच्या बॉक्सिंग स्पर्धा आमच्याकडे होत्या. समन्वयक म्हणजे काय, तर मांडववाल्याशी घासाघीस, ट्रॉफ्यांवरची नावं तपासणं, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ, आणि एक चार पानी फॉर्म भरून क्रीडा विभागात देणं. त्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर ‘वैद्यकीय सुविधा’ असा रकाना होता. डॉक्टर : आहे / नाही. प्रथमोपचार पेटी : आहे / नाही. रुग्णवाहिका : आहे / नाही.

रुग्णवाहिकेसाठी मी एका रुग्णालयात फोन केला होता. दिवसभर गाडी उभी ठेवायचे त्यांनी पैसे सांगितले. तेवढे पैसे नव्हते, म्हणजे होते, पण टी-शर्टांवर गेले होते. मी ‘आहे’ला बरोबरची खूण केली. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. रुग्णालय दीड किलोमीटरवर, लागली तर बोलावू, म्हणजे ‘आहे’च की! डॉक्टर मात्र खरोखर होते. एका सरांच्या ओळखीचे होमिओपॅथीचे डॉक्टर होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून गेले.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला दुसऱ्या कॉलेजचा एक पहिल्या वर्षाचा पोरगा पडला. ठोसा काही फार मोठा नव्हता. पण आम्ही अंथरलेल्या मॅटला जिथे जोड होता तिथे फट पडलेली, आणि त्याचं डोकं बरोबर त्या फटीत फरशीवर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो हलला नाही. कुणी पाणी मारलं, कुणी ‘कांदा आणा, कांदा’ म्हणून ओरडलं, कुणी त्याला बसवायला लागलं. डॉक्टर कुठे, असं पंचांनी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोन कानाला लावून उभा होतो. त्या रुग्णालयाचा नंबर लागत नव्हता. शेवटी क्रीडाशिक्षकांच्या मारुती ओम्नीत, मागच्या सीटवर आडवा घालून त्याला नेला. वाटेत तो ओकला. रुग्णालयात पोचेपर्यंत किती मिनिटं गेली, मला सांगता येणार नाही. मोजत कोण होतं?

सीटी स्कॅन नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. महोत्सवाच्या समारोपात मला उत्कृष्ट आयोजनाचं प्रमाणपत्र मिळालं. ते घरी भिंतीवर आहे, आईनं फ्रेम करून लावलंय. त्या फॉर्मबद्दल कुणी मला कधीच विचारलं नाही, आणि मीही हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर वॉटसनकडे परत येऊ. त्यानं खटला भरला तो युबँकवर नव्हे. आयोजकावरही नाही. त्यानं खटला भरला ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर, म्हणजे १९२९ साली स्थापन झालेल्या नियामक संस्थेवर. सप्टेंबर १९९९मध्ये उच्च न्यायालयात तो जिंकला. बोर्डानं अपील केलं. डिसेंबर २०००मध्ये अपील न्यायालयानंही, लॉर्ड फिलिप्स यांच्या निकालपत्रात, त्याच्याच बाजूनं कौल दिला.

बोर्डाचं म्हणणं मला पहिल्या वाचनात पटलं होतं, हे कबूल करतो. आम्ही लढत भरवली नाही, असं ते म्हणत होते. आम्ही नफा कमावणारी संस्था नाही. आम्ही फक्त नियम लिहितो. वॉटसनला आमच्यापैकी कुणी हातही लावलेला नाही. आणि खरंच, त्या रात्री पैसा कुणाला मिळाला? आयोजकाला, टीव्हीला, दोघा खेळाडूंना. प्रेक्षकांनी मजा घेतली. या सगळ्यांत खेळाडूंच्या सुरक्षेचा थोडाफार विचार करणारी, त्यासाठी कागदावर नियम लिहिणारी एकच संस्था होती, आणि नेमकी तीच कोर्टात उभी. आमच्या ऑफिसात याला फार जुनी तोड आहे. ज्यानं कोडला शेवटचा हात लावला, बग त्याच्या गळ्यात. म्हणून शहाणी माणसं जुन्या कोडला हातच लावत नाहीत. जो काही करायला जातो त्यालाच धरायचं असेल, तर कुणी काही करावंच कशाला?

दुसरा आक्षेप नेहमीचा. वॉटसन स्वतःच्या मर्जीनं रिंगमध्ये उतरला होता, ठोसे खाण्याचे पैसे घेत होता, मग तक्रार कसली? ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८२पासून या खेळावर बंदी घाला म्हणून सांगत होती. धोका कुणाला ठाऊक नव्हता? या आक्षेपात मात्र मला फार दम वाटत नाही. वॉटसननं संमती दिली होती ती युबँकच्या मुठीला. त्या सात मिनिटांना त्यानं संमती दिलेली नव्हती. ती मिनिटं खेळाचा भागच नव्हती. ती टाळली असती तर खेळातली कुठली गंमत कमी होणार होती?

पहिल्या आक्षेपाला न्यायालयानं दिलेलं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं. मी ते माझ्या शब्दांत सांगतो. बोर्डाच्या परवान्याशिवाय ब्रिटनमध्ये ना खेळाडूला या धंद्यात उतरता येत होतं, ना आयोजकाला लढत भरवता येत होती. रिंगच्या कडेला कोणती वैद्यकीय सोय हवी हे बोर्डच ठरवत होतं, आणि आयोजक तेवढीच सोय करत होते. खेळाडू तर त्याबाबतीत पूर्णपणे बोर्डावर विसंबून होते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलानं मेंदूतल्या रक्तस्रावाचा अभ्यास करून मग लढावं, अशी अपेक्षा कुणी करत नाही. ते ज्ञान बोर्डाकडे होतं, निदान असायला हवं होतं. रिंगपाशीच श्वासनलिकेत नळी घालू शकणारा माणूस आणि त्याची साधनं हवीत, मेंदूची शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय आधीच सावध करून ठेवलेलं हवं, या गोष्टी १९९१ साली वैद्यकाला नव्या नव्हत्या. तुम्ही नियम केलेत, म्हणून इतरांनी विचार करायचं सोडलं. आता ‘आम्ही फक्त नियम केले’ असं म्हणता येणार नाही.

हे वाचलं आणि मला माझी बरोबरची खूण दिसली. तोवर मी स्वतःला समजावत आलो होतो की मी एक गोष्ट केली नाही, एवढंच. रुग्णवाहिका आणली नाही. न आणणारे तर शंभर जण होते. पण मी त्याहून वेगळं काहीतरी केलं होतं. तो रकाना रिकामा असता तर प्राचार्यांनी सही करताना विचारलं असतं. पंचांनी सकाळी विचारलं असतं. त्या मुलाच्या कॉलेजच्या सरांनी कदाचित आपली गाडी तयार ठेवली असती. खूण दिसल्यामुळे कुणी विचारलं नाही. रुग्णवाहिका नसणं वाईटच, पण आहे असं सगळ्यांना वाटणं त्याहून वाईट. ती खूण करून मी एक सोय नाकारली नव्हती, चार माणसांची काळजी काढून घेतली होती.

माझे आजोबा कुस्तीशौकीन. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं सांगताना ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. पोरगं मोडलं तर लोक समोरच्या पैलवानाला बोलत नाहीत, ज्यानं जोड लावली त्याला बोलतात. जोड लावणारा दोघांची वजनं, तयारी, वय बघतो, म्हणून तर दोघं निर्धास्तपणे मातीत उतरतात. मला वाटतं लॉर्ड फिलिप्स यांना आजोबांचं म्हणणं लगेच कळलं असतं.

पण मग युबँकचं काय? तो सुटला का?

तत्त्वज्ञानात ‘नैतिक नशीब’ म्हणून एक जुनी कटकट आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी या नावाचे निबंध वाचले आणि तेव्हापासून तो वाद संपलेला नाही. विल्यम्सचा एक लॉरी ड्रायव्हर आहे. नीट, नियमानं गाडी चालवतोय, त्याची काही चूक नाही, आणि एक मूल गाडीखाली येतं. सगळे त्याला म्हणतात, तुझा दोष नाही. त्यांचं खरंच आहे. तरीही तो जर खांदे उडवून ‘हो, माझा दोष नाही’ म्हणत जेवायला बसला, तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. बघ्यांना वाटतं त्याहून वेगळं, फक्त ज्याच्या हातून घडलं त्यालाच वाटू शकेल असं एक दुःख असतं. नेगेलकडेही एक ड्रायव्हर आहे. यानं ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला खात राहणार. नाही आलं, तर ब्रेक न तपासल्याचं त्याच्या लक्षातही राहणार नाही. चूक तीच, तेवढीच.

युबँक हा विल्यम्सचा ड्रायव्हर. त्यानं खेळाच्या नियमांत बसणारा ठोसा मारला. तोही स्वतः मार खाऊन उठल्यावर, हरत असताना. वॉटसन पंधरा मिनिटांनी उठून चालायला लागला असता, तर तोच ठोसा मुष्टियुद्धाच्या इतिहासातल्या थरारक पुनरागमनांत मोजला गेला असता. आणि मी नेगेलचा. माझे ब्रेक तपासलेले नव्हते. माझ्या गाडीखाली कुणी आलं नाही, म्हणून भिंतीवर प्रमाणपत्र आहे.

आता यातल्या जास्त दोषी कोण, हे सरळ आहे. मी. पण जास्त ओझं कुणी वाहिलं तेही सरळ आहे. मला या दोन वाक्यांचा मेळ घालता येत नाही, आणि ज्यांना तो घालता येतो त्यांच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. युबँक त्यानंतरही कितीतरी वर्षं लढला, जिंकला. पण त्या रात्रीनंतर समोरचा डळमळू लागला की आपल्याला त्याच्यावर तुटून पडवत नाही, असं तो पुढे बोलत आला. २६ मार्च २०१६ला त्याचा मुलगा, ख्रिस युबँक ज्युनिअर, वेम्बलीत निक ब्लॅकवेलशी लढत होता. ब्लॅकवेल वाईट मार खात होता आणि पंच थांबवत नव्हते. दोन फेऱ्यांच्या मध्ये म्हातारा युबँक कोपऱ्यात मुलाला सांगताना टीव्हीवर ऐकू येतो, हे पंच थांबवत का नाहीत, आणि ते थांबवणार नसतील तर तू आता त्याच्या डोक्यावर मारू नकोस, अंगावर मार. ब्लॅकवेलच्या मेंदूत रक्तस्राव झालाच. त्याला औषधानं कोमात ठेवावं लागलं, पण तो वाचला. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो दोर त्या मैदानात नेमका एका माणसाला दिसत होता. बापानं मुलाला ‘थांब’ म्हटलं नाही, हेही खरं. ‘अंगावर मार’ म्हटलं. मी त्याला संत करत नाहीये.

आमच्या क्षेत्रात काहीही कोसळलं की पोस्टमॉर्टेम होतं, आणि ते ‘ब्लेमलेस’ असायला हवं असा दंडक आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही. माणूस चुकणारच, व्यवस्था अशी हवी की एका माणसाच्या चुकीनं सगळं कोसळणार नाही. यात शहाणपण आहे. वॉटसननंतर ब्रिटनमध्ये झालं तेही हेच. हॅम्लिन यांनी सुचवलेल्या सुधारणा हळूहळू आल्या. १९९८ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पेन्सर ऑलिव्हर असाच कोसळला, तेव्हा रिंगपाशीच भूलतज्ज्ञ होता. त्याच्यावर तिथल्या तिथे उपचार सुरू झाले आणि तो माणूस आज धडधाकट आहे. सगळेच वाचले असंही नाही. १९९५मध्ये त्याच नायजेल बेनशी लढताना जेराल्ड मॅक्लेलन कोसळला. त्याच्यावर तातडीनं उपचार झाले, तरी त्याची दृष्टी गेली ती गेलीच. सात मिनिटं वाचवली म्हणजे सगळं वाचतं असं नाही.

तरीही ‘ब्लेमलेस’ हा शब्द मला आता घशाखाली उतरत नाही. मीटिंगमध्ये आम्ही लिहितो, ‘चेकलिस्टमधली नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत आढळली.’ वाक्यात कर्ता नाही. तफावत आपोआप उगवते, आभाळातून पडते. माझ्या त्या दिवसाचं पोस्टमॉर्टेम झालं असतं तर हेच वाक्य लिहिलं गेलं असतं, आणि ते मीच लिहिलं असतं. वॉटसनच्या खटल्यानं वाक्याला कर्ता दिला. त्याची किंमतही मोजावी लागली. बोर्डाकडे विमा नव्हता. वॉटसनला हक्काची रक्कम कितीतरी जास्त मिळायला हवी होती, ती २००१मध्ये चार लाख पौंडांवर मिटली. तेवढं द्यायलाही बोर्डाला लंडनमधलं मुख्यालय विकावं लागलं. पण त्या निकालानंतर कुठल्याच नियामक संस्थेला ‘आम्ही फक्त कागद करतो’ असं सहज म्हणता येईनासं झालं.

एप्रिल २००३मध्ये वॉटसननं लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. सहा दिवस लागले. सकाळी दोन तास चालायचं, दुपारी दोन तास, रात्री सोबतच्या बसमध्ये झोपायचं. डॉक्टरांनी तो पुन्हा चालेल याची खात्री कधी दिलेली नव्हती. शेवटच्या मैलाला त्याच्या एका बाजूला हॅम्लिन होते आणि दुसऱ्या बाजूला युबँक. या घटनेचे फोटो सगळीकडे आहेत, आणि वॉटसनचं नाव निघालं की हेच फोटो, ही जिद्द, ही क्षमा, असंच लिहिलं जातं. ते चुकीचं नाही. पण मला त्यात थोडी घाईसुद्धा दिसते. त्या फोटोमुळे आपल्या सगळ्यांना बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यात फिन्सबरी पार्कातला तो चोवीस वर्षांचा, बंद दारामागे शांत उभा असलेला, कमालीचा हुशार मुष्टियोद्धा विसरला जातो. त्याच्याकडून जे गेलं ते ‘प्रेरणा’ गेली नाही, एक कसब गेलं. ते पुढे कुठे पोचलं असतं हे कुणालाच कळणार नाही. म्हणून वॉटसनची आठवण काढायची तर मी ती सहाव्या फेरीतल्या त्या जॅबपासून काढतो.

गेल्या महिन्यात मी आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांना फोन केला. त्या पडलेल्या मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यांनी जुन्या वहीतून काढून दिलं, कुणाकुणाला विचारून नंबरही मिळवला. मी एक लांबलचक मेसेज लिहिला. फॉर्म, रकाना, टी-शर्टांचे पैसे, सगळं. तीन दिवस पाठवला नाही. मग पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. तो आता चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मुलगी झालीय, सगळं मजेत. ‘दादा, तुम्ही एवढं का मनाला लावून घेतलं, मला त्या दिवसाचं खरंच काही आठवत नाही,’ असं त्यानं लिहिलं होतं. सकाळी एसटीत बसल्याचं आठवतं, आणि मग एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं काहीच नाही. पोरांनी सांगितलं तेवढंच. खाली आणखी एक ओळ होती.

‘एक विचारायचं होतं. मी पडलो तोवर पॉइंटवर कोण पुढं होतं?’

मी बराच वेळ आठवून बघितलं. मला तो रकाना आठवतो, निळं पेन आठवतं, फरशीचा आवाज आठवतो. त्यानं काय विचारलं ते मला माहीत नव्हतं. मी त्याची लढत बघितलीच नव्हती. त्या वेळी मी बाहेर ट्रॉफ्या मोजत होतो.